ज्या चुलीला हाक आहे

आमच्या मागच्या दारातून समीक्षाचं परसदार दिसतं. मध्ये एक फणसाचं झाड आणि आमची पाण्याची टाकी, एवढंच. चिमीला पाजायला बसलं की मान आपोआप तिकडे वळते. बघायला समोर सबंध लोहगड आहे, नाही असं नाही. पण गड कुठे पळून चाललाय.

अनघा भांडी घासते तेव्हा समीक्षा ती विसळते. खोटं वाटेल, पण दोन वर्षांत, दोघी घरी असताना, मी त्यांच्यातल्या एकीलाही भांड्यांपाशी एकटी पाहिलेलं नाही. शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्यांची झुंबड असते, चाळीस-पन्नास ताटं पडतात, तरी दोघी समोरासमोर उकिडव्या बसतात आणि बोलत असतात. इतकं काय बोलायचं असतं कोण जाणे. मी आणि सुहास दिवसाला काय बोलतो, तर डबा भरला का, चिमी झोपली का, उद्या कुठली पाळी. तो नवलाख उंबरे गावाजवळ एका कंपनीत आहे. येतो तो बूट काढता काढताच पेंगायला लागतो. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. दमलेल्या माणसाचा धड रागही करता येत नाही.

आणि समीक्षा माझी होती. हे असं लिहिल्यावर हसू येतं, पण तसंच होतं. आम्ही दोघी कार्ल्याच्या. शाळा सुटली की हायवेला तिच्या आईच्या टपरीवर बसायचो. समू काकडी चिरायची आणि मी मीठ-तिखट लावायचे. एसटी थांबली की खिडक्यांतून हात बाहेर यायचे, आम्ही धावायचो. बारावीनंतर माझं लग्न होऊन मी या वाडीत आले आणि ती लोणावळ्याला हॉटेलात कामाला लागली. शेजारचं घर विकायला निघालं तेव्हा मीच तिला फोन केला. इकडे ये, ट्रेकर लोक लय येतात, जेवणाचं काढ, राहायला दोन खोल्या काढ, मी आहेच मदतीला. ती आली. टेम्पोतून आधी शेगडी उतरली, मग समू उतरली, मग अनघा.

पहिल्याच आठवड्यात टाकीच्या आडोशाला उभं राहून तिनं मला सांगून टाकलं, की अनघा मैत्रीण नाही, माझं माणूस आहे. मी म्हटलं, बरं. खरंच सांगते, मला त्यात पाप-बिप काही दिसलं नाही. आमचं देवाचं घर, वाघजाईचे गुरव आम्ही, तरी देवी त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आली नाही. मनात आलं ते एवढंच, की आता मीठ-तिखट ती लावणार.

पुढे चिमी झाली. रडायला लागली की फणसाखालून अनघा यायची, तिला उभी खांद्यावर घ्यायची आणि पाठीवरून उलटा हात फिरवायची. चिमी गप्प. माझी लेक, माझ्या दुधाची, आणि गप्प तिच्या खांद्यावर. मी हसून म्हणायचे, जादू आहे बाई तुझ्या हातात. आत मात्र चुलीवर विसरलेल्या दुधासारखं काहीतरी करपत असायचं.

आता हाकेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या वाडीत चैत्रातल्या जत्रेला देवळाच्या जोत्यावरून प्रत्येक चुलीला हाक घालतात. हाक घालायचा मान आमच्या घरातल्या बाईचा. चूल पुरुषाच्या नावानं नसते, ती पेटवणाऱ्या बाईच्या नावानं असते. नाव पुकारलं की ती बाई नैवेद्याचं ताट घेऊन येते. जिला हाक आहे ती चूल वाडीची. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी अडतीस वर्षं हाक घातली. त्यांचे गुडघे गेले म्हणून या वर्षी मी उभी राहिले. कागदावर लिहून घ्यायचं नसतं, पाठ करावं लागतं. दोन महिने त्या भाकरी थापता थापता नावं सांगायच्या आणि मी चिमीला झोके देत ती म्हणायचे.

काही चुली विझलेल्या आहेत. माणसं मुंबईला गेली, मेली, घराचं जोतंही उरलं नाही. तरी हाक घालायची, आणि त्यांचं ताट आमच्या घरातून ठेवायचं. अशी सगळ्यात शेवटची हाक म्हणजे ठकू आणि चंद्रा. ती येईपर्यंत लोक जेवायच्या पंगतीला पळालेले असतात, ऐकायला उरतो तो गुरवाचाच माणूस. एका चुलीला दोन नावं कशी, म्हणून मी विचारलं. सवती होत्या का? आत्या म्हणाल्या, कुठल्या सवती, नवराच नव्हता तर. मावळतीच्या अंगाला त्यांचं घर होतं. दोघी एकत्र आल्या, चाळीस वर्षं एकत्र राहिल्या आणि एकाच पावसाळ्यात मागंपुढं गेल्या. त्यांचं काय नातं, ते आत्यांच्या सासूनं आत्यांना सांगितलं नाही आणि आत्यांनी विचारलं नाही. हाक मात्र दोघींच्या नावानंच घालायची, एक गाळायचं नाही, असं बजावलेलं होतं.

जत्रा झाली आणि महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आली. समूनं अर्ज दिला होता. घर एकटीच्या नावावर होतं. घराच्या आणि पाहुणे ठेवायच्या दाखल्यावर दोघींची नावं एक कुटुंब म्हणून लागावीत, असं तिचं म्हणणं. लग्नाचा कागद कुणी देत नाही, निदान वाडीनं तरी एवढं लिहून द्यावं. उद्या मला काही झालं तर माझा भाऊ येऊन अनघाला घराबाहेर काढेल, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.

पंचायतीची खोली लहान, म्हणून सभा देवळाच्या मंडपात भरते. ग्रामसेवकानं अर्ज वाचला आणि घसा साफ करत सांगितलं, की दोन बायकांनी एकत्र राहणं हा गुन्हा नाही, पण एक कुटुंब म्हणून दाखला देण्याचा नियम त्यांना सापडला नाही, आणि अशांच्या लग्नाला दिल्लीच्या कोर्टानंही मान्यता दिलेली नाही. तेव्हा सभेनं काय ते ठरवावं. मग मारुतीआबा उठले. पंचाहत्तरी उलटलेली, देवस्थानच्या कमिटीचे मुख्य, शब्दाला वजन. ते म्हणाले, सरकारचा नियम नसंल तर आपला हाय. वाडीच्या हद्दीत देवीची मर्यादा. ज्या चुलीला देवीची हाक, त्याच चुलीला दाखला, असा ठराव करून टाका, म्हंजे दर साली भांडान नको.

कादरभाई मागं बसले होते. मळवली स्टेशनपासून गडापर्यंत त्यांची जीप चालते आणि वाडीत त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. ते म्हणाले, "आबा, हाक तर आमच्या चुलीला बी कधी न्हाई आली. मंग माझ्या दुकानाचं काय करता?"

लोक हसले. आबांनी सांगितलं, तुमची चूल सोडून. तुमचं येगळं. आणि हे असलं तुमच्या धर्मात तरी कुटं चालतंय? कादरभाई म्हणाले, मी दुकानाचं विचारतोय, धर्माचं विचारलंच नाही. पण मग तेही खाली बसले. दुकान वाचलं होतं.

समू उभी होती. तिनं चिडून काही म्हटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की दोन बायकांच्या चुलीला देवी कधी हाकच घालत नाही, हे कशावरून? आधी अशी चूल नव्हतीच का?

सगळा मंडप माझ्याकडे वळला. आबा म्हणाले, "बराबर इचारलं तिनं. हाक गुरवाच्या घरची. सूनबाई, तू सांग. देवीच्या म्होरं सांग. दोन बायांची चूल हाकंत हाय का?"

चिमी माझ्या मांडीवर होती. पलीकडे मंडपाच्या पायरीवर, खांबाला टेकून अनघा बसली होती. समूची चप्पल बाहेर कुत्र्यांनी नेऊ नये म्हणून तिनं ती उचलून स्वतःच्या मांडीजवळ ठेवली होती. माझ्या नवऱ्यानं, माझ्या आईनं, कुणीच माझी चप्पल कधी अशी सांभाळली नाही. बघता बघता माझ्या डोक्यात सगळं सरळ मांडलं गेलं. दाखला मिळाला नाही तर अनघा लोणावळ्याला आईकडे परत जाईल. समू कशाला जाईल? घर तिचं आहे. आणि मी आहेच मदतीला.

मी म्हटलं, "नाही."

एवढंच म्हटलं. ठराव झाला. महिनाभरात पाहुणे ठेवणं बंद करावं, अशी नोटीस लागली.

दुसऱ्या दिवशी समू माझ्याकडे आली. मला वाटलं तिला कळलं. ती ओट्यावर बसली, चिमीच्या पायाची बोटं ओढत म्हणाली, रेणे, तू वाईट वाटून घेऊ नको. हाकेत नसेल तर नसेल, तू तरी काय करणार. देवळात सगळ्यांसमोर तुझ्यावर आणलं त्यांनी. मग तिनं सांगितलं, की पाहुणेच बंद झाले तर इथं पोट चालायचं नाही, लोणावळ्याला खोली बघितली आहे. चिक्कीच्या एका दुकानामागे, दोघींना पुरेल एवढी.

मी विचारलं, दोघी?

ती म्हणाली, मग काय एकटी जाऊ?

त्या चार शब्दांनी माझा सगळा हिशेब पडला. ती गेली तरी मी तशीच बसून राहिले. आत्या आतून भिंत धरत धरत आल्या. गुडघ्यांमुळे त्या सभेला नव्हत्या, पण ओट्यावरचं सगळं त्यांना ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "हाकंत न्हाई म्हनलीस? आनी ठकू-चंद्रा?"

मी चिमीचं झबलं सारखं करत राहिले.

"इसरलीस?"

विसरले म्हटलं असतं तर त्यांनी खरं धरलं असतं, पहिलंच वर्ष आहे म्हणून. तोंडातून निघालं नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग फणसाकडे, मग परत माझ्याकडे. मला वाटतं त्यांना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, दोन महिने तू ईतभर पोरीला झोके देताना मी तुला नावं शिकवली, ती गिळायला न्हाई. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा स्वतः करून घेतला, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहून.

मी आबांकडे गेले. ते पावसाआधी गोठ्याच्या छपरावर पेंढा घालत होते. मी खाली उभी राहूनच सांगितलं, की ठकू आणि चंद्राची चूल हाकेत आहे, सगळ्यात शेवटची, आणि मी सभेत खोटं बोलले.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. शिडीवरून सावकाश उतरले, हात झटकले. "ठकूमावशीच्या हातची आंबील पिऊन वाढलोय मी. एकीला ताप आला तर दुसरी जेवायची न्हाई. समद्या वाडीला ठावं व्हतं. कोन बोलत नव्हतं."

मी विचारलं, "मग मला कशाला विचारलंत?"

"तुला कुटं इचारलं? देवीला इचारलं. हाक तुझ्या तोंडी, मंग जाब बी तुझ्याच तोंडी. तू हाय म्हनली असतीस तर मी गप बसनार व्हतो. मनाला पटलं नसतं, पर गप बसलो असतो. तू न्हाई म्हनलीस. मी म्हनलं, पूर्वी चालवून घेतलं, आता आईला नको हाय."

"आईला नाही आबा. मला नको होतं."

का, ते त्यांनी विचारलं नाही. नंतर म्हणाले, "ठराव देवीच्या नावानं झालाय. आता फिरवायचा म्हंजे तिला खोटं पाडायचं. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मी म्हटलं, मला खोटं पाडा ना. त्यावर ते म्हणाले, तिथं तुझं तोंड आनी तिचं तोंड एकच. आणि हे तू चारचौघांत बोललीस, तर ज्या तोंडानं देवीम्होरं खोटं सांगितलं त्या तोंडाला पुढच्या साली हाक न्हाई. मान भावकीत जाईल. अडतीस वर्सं घातली कस्तुराबाईनं. इच्यार कर.

येताना मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो आबांवर नव्हता. माझ्या पोटातली एक हलकी गोष्ट, हेवा, तीसुद्धा एका माणसाच्या चपलेवरून उठलेली, ती मी देवळात बोलले आणि तिचा कायदा झाला. आता त्याला हात लावायला म्हातारा माणूस भितो आहे, कारण त्याला तो देवीचा वाटतो. बाकीच्या ठिकाणी असले कायदे कसे होतात मला माहीत नाही. इथला कसा झाला ते मला माहीत आहे.

आत्यांना मानाचं सांगितलं. त्या चिमीची लंगोटी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, जाऊ दे. सुहासला सांगितलं तर तो पहिल्यांदा धड जागा झाला. आपल्या घराचं नाव काय राहील, भावकी तोंडावर हसेल, त्या दोघी तर चालल्याच आहेत, मग तू कशाला, असं बरंच काही बोलला. गेल्या वर्षभरात आम्ही इतकं बोललो नव्हतो.

मग मी फणसाखालून गेले. दोघी मसाल्याचे डबे खोक्यात भरत होत्या. अनघानं सवयीनं चिमीला माझ्याकडून घेतलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ठकू, चंद्रा, मंडप, नाही.

समूनं विचारलं, "का गं?"

"मला वाटलं ती जाईल आणि तू राहशील."

चिमी अनघाच्या गळ्यातली साखळी तोंडात घालत होती. शेवटी अनघाच म्हणाली, "एवढंच होतं तर मला सांगायचंस. महिन्यातले चार दिवस मी लोणावळ्याला आईकडे असते. तेव्हा समूला घेऊन बसायचंस."

तिच्या आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. समू हसली नाही. ती म्हणाली, "मी सगळ्यात आधी तुला सांगितलं होतं. माझ्या आईच्याही आधी."

मी म्हटलं, तालुक्याला ठरावाविरुद्ध अर्ज करता येतो, ग्रामसेवकाला विचारून आले आहे. माझा जबाब मी लिहून देते. समू म्हणाली, टेम्पो शनिवारी येणारच. तालुक्याचं उत्तर येईल तेव्हा येईल. पण लिही.

चिमी झोपली की लिहायचं, उठली की थांबायचं, असं करत तीन दुपारी गेल्या. शुक्रवारी नेऊन दोघींना वाचून दाखवलं. माझं अक्षर बरं आहे आणि शाळेत निबंधाला बक्षीस मिळायचं, त्यामुळे जबाब छान झाला होता. गैरसमजातून माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली, असं लिहिलं होतं. दोघी अर्जदार गेली दोन वर्षं बहिणींसारख्या राहत आहेत, असंही होतं.

समू म्हणाली, "बहिणींसारख्या खोड."

मी म्हटलं, साहेबलोकांना सोपं जातं गं तसं. वाचणाऱ्याच्या मनात देवधर्म येत नाही.

"खोड. एकदा खोटं बोललीस ना, आता परत कशाला. आणि गैरसमज कुणाचा झाला होता?"

मी बहिणींसारख्या खोडलं. गैरसमजातून खोडलं. वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणजे शब्द माहीत होता, हात लिहीत नव्हता. हा कागद तालुक्यात फिरेल, वाडीत येईल, सुहासच्या हातात पडेल. त्या दोघी थांबून राहिल्या, कुणी घाई केली नाही. मग मी लिहिलं, की मला त्यांच्या संसाराचा हेवा वाटत होता आणि त्यापोटी मी देवळात नाही म्हणाले. देवीचा यात काही संबंध नाही.

समूनं कागद घेतला आणि अनघाला दिसावा म्हणून जरा तिरका धरला. अनघा तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून वाचू लागली. ते बघताना मला पुन्हा तसंच करपल्यासारखं झालं, काडीमात्र कमी नाही. मला वाटलं होतं, खरं बोललं की ते जाईल.

वाचून झाल्यावर समूनं कागद परत दिला आणि पेनचं टोपण काढून दिलं. मी चिमीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि खाली सही केली, पूर्ण नावानं.